एकत्र राहिल्याचे बारा महिने कागदावर कसे आणायचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळ सांगलीचे, कॅनडात ब्रॅम्प्टनला राहता, मे 2024 मध्ये एक्स्प्रेस एंट्रीतून (कुशल कामगारांच्या अर्जपद्धतीतून) पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, झालात. जोडीदार नाशिकची. 3 सप्टेंबर 2023 ला ती स्कारबरोची खोली सोडून तुमच्या बेसमेंटमध्ये राहायला आली. लीज तुमच्या एकट्याच्या नावावर. लग्न केलेलं नाही, आणि सांगलीला घरी अजून माहीत नाही. तिचं वर्क परमिट पुढच्या मार्चअखेर संपतंय. तिला कॉमन-लॉ पार्टनर (लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडीदार) म्हणून स्पॉन्सर करून पीआर मिळवून द्यायचंय. त्यासाठी पुरावा पुरेसा आहे का आणि अर्ज इनलँड करावा की आउटलँड (हे दोन मार्ग खाली समजावते), हे तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, असंही विचारलंय की, ‘जानेवारी 2023 पासून एकत्र राहतोय असं लिहिलं तर केस जास्त स्ट्राँग होईल का?’

त्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुमची केस बुडवायची ताकद त्या एका ओळीत आहे.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीत कॉमन-लॉ पार्टनरची व्याख्या दोन ओळींची आहे. वैवाहिक स्वरूपाच्या नात्यात एकत्र राहणं, आणि ते सलग किमान एक वर्ष झालेलं असणं. म्हणजे तुमच्या खऱ्या तारखेनुसार तुम्ही 3 सप्टेंबर 2024 ला कॉमन-लॉ झालात. मे 2024 मध्ये तुम्ही पीआर झालात तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. तेव्हा फॉर्मवर ‘सिंगल’ लिहिलंत ते बरोबरच होतं.

आता तारीख मागे ढकलून जानेवारी 2023 करून बघा. मे 2024 पर्यंत सोळा महिने होतात. म्हणजे पीआर होताना तुम्हाला कॉमन-लॉ पार्टनर होती आणि ती तुम्ही दाखवली नाहीत, असं तुम्हीच लिहून देताय. नियमावलीतलं कलम 117(9)(डी) नेमकं यासाठीच आहे. पीआर घेताना जी व्यक्ती जाहीर केली नाही आणि म्हणून जिची तपासणी झाली नाही, तिला पुढे फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे जवळच्या नातलगांना स्पॉन्सर करायच्या वर्गात, आणता येत नाही. 2019 मध्ये सरकारने अशा काही प्रकरणांसाठी सवलतीचं धोरण आणलं, पण त्याच्या अटी आहेत, आणि एक्स्प्रेस एंट्रीतून आलेल्यांसाठी तो दरवाजा नाही. शिवाय खोटी तारीख म्हणजे कलम 40 खाली मिसरिप्रेझेंटेशन. त्याची बंदी पाच वर्षांची. चार-आठ महिने वाढवून केस मजबूत करायला गेलात, तर चांगली-भली केस स्वतःच्या हाताने मोडाल.

हे इतकं ताणून लिहितेय, कारण ही चूक हुशार मुलंच करतात. ‘एक वर्ष लागतं ना, मग दोन दाखवू’ असा साधा हिशेब असतो. पण ऑफिसरला जास्त महिने नको असतात. त्याला बारा महिने हवेत, आणि ते सगळ्या कागदांवर एकच दिसायला हवेत. माझ्या अनुभवात पुरावा कमी पडून फाइल पडते त्यापेक्षा आपलेच दोन कागद एकमेकांशी भांडल्यामुळे जास्त वेळा पडते.

म्हणून पहिलं काम सांगते. एक कोरी वही घ्या, पोर्टल-बिर्टल नंतर. डाव्या बाजूला महिने लिहा, ऑगस्ट 2023 पासून आजपर्यंत. उजवीकडे प्रत्येक महिन्यात दोघांचा कोणता कागद कुठल्या पत्त्यावर होता ते लिहा. बँक, लायसन्स, पगारपत्रक, टी4 (वर्षाच्या पगाराची एम्प्लॉयरने दिलेली टॅक्सची स्लिप), फोनचं बिल, गाडीचा इन्शुरन्स, कॉलेजचं रेकॉर्ड, आयआरसीसीला, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला, केलेला प्रत्येक अर्ज. तुम्ही पाठवलेल्या यादीवरून मी हे ढोबळ करून पाहिलं. तिचा बँकेचा पत्ता आणि ड्रायव्हिंग लायसन्स फेब्रुवारी 2024 पर्यंत स्कारबरोवरच आहे. खरं तर ओंटारियोत पत्ता बदलल्यावर सहा दिवसांत लायसन्सवर कळवायचं असतं, पण ते कोण करतं म्हणा. 2023 चा टी4 सुद्धा जुन्या पत्त्यावर आलेला असणार, कारण एम्प्लॉयरकडे तोच होता.

म्हणजे बारापैकी सुरुवातीच्या पाच-सहा महिन्यांत ती ब्रॅम्प्टनला होती हे दाखवणारा सरकारी कागद नाही. घाबरू नका, ही भोकं बुजवता येतात. तुमच्याकडे एक फार चांगला कागद आहे आणि तो तुम्ही यादीत आठव्या नंबरवर टाकलाय: दर महिन्याच्या एक तारखेला तिने तुम्हाला केलेला अर्ध्या भाड्याचा इंटरॅक ई-ट्रान्सफर, पहिला 1 ऑक्टोबर 2023 चा. त्यातही डिसेंबर 2023 च्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत ती बहिणीच्या लग्नासाठी नाशिकला होती, तरी 1 जानेवारी आणि 1 फेब्रुवारीचं अर्धं भाडं तिने तिकडून पाठवलं. जी मुलगी सात आठवडे भारतात असूनही ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटचं भाडं भरते, तिचं घर ब्रॅम्प्टनला आहे. दोघांच्याही खात्यांची ती पानं काढा, त्या ओळी हायलाइट करा आणि फाइलमध्ये वरती ठेवा.

त्या सात आठवड्यांनी सलग वर्ष तुटलं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. नाही तुटलं. कामासाठी किंवा घरच्या कारणासाठी थोड्या दिवसांची, तात्पुरती ताटातूट चालते. न चालणारी गोष्ट म्हणजे तीन महिने इथे, चार महिने तिथे असे तुकडे जोडून बारा करणं. तिची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के आणि लग्नपत्रिका लावा. पत्रिका मराठीत असेल तर भाषांतर लागेल, आणि ते तुम्ही किंवा तुमच्या नात्यातल्या कुणी केलेलं चालत नाही. प्रमाणित भाषांतरकार शोधा. नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं शपथपत्र जोडावं लागतं.

आता एक कटू गोष्ट. अर्ध्या भाड्याचे ई-ट्रान्सफर रूममेटसुद्धा करतात. ब्रॅम्प्टनच्या प्रत्येक दुसऱ्या बेसमेंटमध्ये चार मुलं भाडं वाटून राहतात, आणि ऑफिसरला हे पक्कं ठाऊक असतं. तुम्ही एका छताखाली राहत होतात हे भाड्यावरून सिद्ध होतं. नवरा-बायकोसारखे राहत होतात हे त्यातून सिद्ध होत नाही. व्याख्येतला तो अर्धा भाग लोक विसरतात.

हा अर्धा भाग कसा तोलायचा याचं उत्तर कोर्टांनी फार आधी दिलंय. 1980 च्या मोलोडोविच विरुद्ध पेन्टिनेन या ओंटारियोच्या खटल्यात जे मुद्दे मांडले गेले, तेच 1999 मध्ये एम. विरुद्ध एच. या निकालात सुप्रीम कोर्टाने उचलले. एकत्र निवारा, शारीरिक आणि वैयक्तिक वागणूक, घरातली कामं, लोकांतला वावर, समाज तुमच्याकडे काय म्हणून बघतो, पैशाचा आधार, मुलं. सगळे मुद्दे सारख्याच प्रमाणात हवेत असं नाही, हेही कोर्टाने सांगितलंय. ऑफिसर आजही मनात हीच यादी घेऊन फाइल चाळतो. तुमची फाइल पहिल्या मुद्द्यावर थांबलेली आहे.

पुढचे मुद्दे तुमच्याकडे नाहीत असं नाही. ते तुम्हाला पुरावा वाटत नाहीत, एवढंच. तुमच्या कंपनीच्या ग्रुप बेनिफिट्समध्ये तिचं नाव आहे का? लाइफ इन्शुरन्सला बेनिफिशियरी कोण? तिच्या ऑफिसात इमर्जन्सी काँटॅक्ट म्हणून कुणाचा नंबर? गाडीच्या इन्शुरन्सवर ती दुसरी ड्रायव्हर आहे का? माझ्याकडच्या एका फाइलमध्ये जॉइंट अकाउंट नव्हतं, लीज नव्हतं, फोटो मोजून सहा. पण मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या कागदावर ‘घरी काळजी घेणारी व्यक्ती’ म्हणून मुलाचं नाव होतं, आणि त्याने तीन दिवसांची रजा घेतल्याचा मॅनेजरचा ईमेल होता. ती फाइल मुलाखतीशिवाय मंजूर झाली. नुसत्या त्या कागदामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पण असा कागद रूममेटच्या फाइलमध्ये सापडत नाही.

जॉइंट अकाउंट आता उघडलंत तर उघडा, त्यात गैर काही नाही. फक्त अर्जाच्या तीन आठवडे आधी उघडलेल्या, पन्नास डॉलर पडून असलेल्या खात्याला वजन नसतं. किराणा, हायड्रो (इथे विजेच्या बिलाला म्हणतात), इंटरनेट त्यातून जाऊ द्या. लीजचंही तसंच. तिचं नाव आजच्या तारखेने घाला. मागच्या तारखेचं लीज करून द्यायला मालक आनंदाने तयार होतात, आणि इथेच घात होतो. मालकाकडून पत्र घ्या. ती कुठल्या तारखेपासून राहते, लीजवर नाव का नव्हतं, भाडं कसं येतं. सही, फोन नंबर, आणि शक्य असेल तर त्याच्या ओळखपत्राची प्रत. पत्राचा मसुदा तुम्ही इंग्रजीत सफाईदार लिहून देऊ नका. मालकाला त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत लिहू द्या. पाच पत्रांत एकच वाक्यरचना दिसली की ती पाचही पत्रं वाया जातात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत माझीच एक जुनी चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी एका जोडप्याचं तीनशे पानांचं चॅट छापून फाइलला लावलं होतं. फाइल नाकारली गेल्यावर पाच डॉलर भरून जीसीएमएस नोट्स, म्हणजे ऑफिसरच्या फाइलवरच्या नोंदी, मागवल्या. चॅटबद्दल एक शब्द नव्हता. मे महिन्यात दोघांचे पत्ते वेगळे दिसतात, स्पष्टीकरण नाही, एवढीच दोन ओळींची नोंद. आता अर्जाची चेकलिस्टच मर्यादा घालते: फोटो वीसपर्यंत, संवादाची पानं दहापर्यंत. ही मर्यादा मला आवडते. वीस फोटो वीस वेगळ्या दिवसांचे घ्या. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. नायगाऱ्याच्या कठड्यावरचा फोटो प्रत्येक फाइलमध्ये असतो, तुमचाही असेल, एक पुरे. त्यापेक्षा बेसमेंटच्या ओट्यावर मोदक वळताना पीठ सांडलंय, आणि मागे तुमच्या मित्राची बायको हसतेय, तो लावा. संवादातही ‘लव्ह यू’ नको. ‘येताना दूध आण, आणि हायड्रोचं बिल भरलंस का’ हे हवं. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना तेच पाठवतात.

आता टॅक्स. तुम्ही दोघांनी 2024 चं रिटर्न ‘सिंगल’ म्हणून भरलंय. कुणी भरून दिलं माहीत नाही, पण त्याने विचारलंच नसणार. सीआरएसाठीसुद्धा, म्हणजे कॅनडाच्या टॅक्स खात्यासाठी, बारा महिने सलग एकत्र राहिलात की कॉमन-लॉ, आणि 31 डिसेंबरला तुमची स्थिती काय होती ते रिटर्नवर लागतं. म्हणजे 2023 चं ‘सिंगल’ बरोबर, 2024 चं चूक. इमिग्रेशनला एक सांगायचं आणि टॅक्सला दुसरं, हा प्रोसीजरल फेअरनेस लेटर (नकाराआधी खुलासा मागणारं ऑफिसरचं पत्र) येण्याचा हमखास रस्ता आहे. दोघांनीही 2024 चं रिटर्न दुरुस्त करा, वैवाहिक स्थिती बदलल्याचा आरसी65 फॉर्म भरा, तारीख 3 सप्टेंबर 2024. जीएसटी क्रेडिट आणि ओंटारियोचा ट्रिलियम बेनिफिट ही सरकारी मदत कुटुंबाच्या एकत्र उत्पन्नावर ठरते, त्यामुळे थोडे पैसे परत करावे लागतील. करा. दुरुस्तीनंतरचा नोटिस ऑफ रीअसेसमेंट फाइलमध्ये लावा आणि कव्हर लेटरमध्ये तीन ओळींत सरळ सांगा की चूक झाली होती, लक्षात आल्यावर सुधारली. ‘आम्हाला कायदा माहीत नव्हता’ असं रडगाणं नको. याच न्यायाने सप्टेंबर 2024 नंतर तिने आयआरसीसीला काही अर्ज केला असेल, व्हिसा स्टँप वगैरे, तर त्यात वैवाहिक स्थिती काय लिहिली ते आजच तपासा. तिथेही ‘सिंगल’ असेल तर मला आधी सांगा, पोर्टलवर काही चढवण्याआधी.

फॉर्मबद्दल फार लिहीत नाही, चेकलिस्ट आयएमएम 5533 मध्ये सगळं आहे. आयएमएम 5409 हे कॉमन-लॉचं शपथपत्र आहे, ते नोटरी किंवा कमिशनर ऑफ ओथ्ससमोरच सही करायचं असतं. आधी घरी सही करून नेली तर परत करावं लागतं. त्यात जॉइंट खातं आहे का, एकत्र मालमत्ता आहे का, असे होय-नाहीचे प्रश्न येतात. ‘नाही’ लिहायला लाजू नका. शपथेवरचं ‘नाही’ चालतं, खोटं ‘होय’ चालत नाही.

मराठी माणसाचा खास घोळ नावात होतो. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर कधी वडलांचं नाव गिव्हन नेममध्ये जोडलेलं, कधी नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही किंवा पाळण्यातलं नाव आहे, आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा जादा ‘ए’. जी जी रूपं कुठल्याही सरकारी कागदावर आहेत ती सगळी ‘इतर नावं’ या रकान्यात लिहा. ‘शेड्यूल ए’ या फॉर्ममध्ये दहा वर्षांचा इतिहास एकही महिना न सोडता लिहायचा असतो. बेकार होतात तर बेकार लिहा. आणि तिचा ब्रॅम्प्टनचा पत्ता सप्टेंबर 2023 पासूनच लिहा, बँकेचा कागद काहीही म्हणो. फरकाचं कारण कव्हर लेटरमध्ये येईल. भारतातलं पीसीसी (पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र) तिला इथल्या भारतीय दूतावासामार्फत मागवता येईल. ती भारतात शेवटची राहिली त्यानंतर काढलेलं असलं की चालतं.

खर्चाचं सांगायचं तर 30 एप्रिल 2024 च्या वाढीनंतर स्पॉन्सरशिप 85, प्रोसेसिंग 545 आणि पीआरचं हक्कशुल्क 575, मिळून 1,205 डॉलर होते, वर बायोमेट्रिक्सचे 85. हे दर दोन वर्षांनी सुधारतात, तेव्हा भरायच्या दिवशीचा आकडा बघूनच भरा. तुमचं उत्पन्न किती याची काळजी करू नका. जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपला किमान उत्पन्नाची अट लागत नाही. पण तीन वर्षांची अंडरटेकिंग, म्हणजे तिच्या खर्चाची हमी, असते. उद्या नातं मोडलं तरी त्या तीन वर्षांत तिने सोशल असिस्टन्स घेतला तर वसुली तुमच्याकडून होते. सही करताना हे दोघांनी मोठ्याने वाचा.

इनलँड की आउटलँड. इनलँड म्हणजे कॅनडातल्या जोडीदारांचा वर्ग. त्यात तिने इथे, तुमच्याबरोबर राहत राहायचं असतं. नकार आला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील नाही, फक्त फेडरल कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू (न्यायालयीन फेरतपासणी), त्याला मुदत पंधरा दिवसांची. आउटलँड म्हणजे फॅमिली क्लास. कॅनडात राहूनही तो अर्ज करता येतो, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. त्यात नकारानंतर तुम्हाला, म्हणजे स्पॉन्सरला, तीस दिवसांत अपील करता येतं. इनलँडची मोठी ओढ म्हणजे ओपन वर्क परमिट. पण 2023 पासून फॅमिली क्लासच्या अर्जदारालाही, ती कॅनडात स्पॉन्सरबरोबर राहत असेल तर, ते मागता येऊ लागलंय. अर्जाच्या दिवशीच्या अटी मात्र तपासून घ्या.

तिच्या वडलांची अँजिओप्लास्टी झालीय असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. तिला कधीही नाशिकला धावावं लागेल. इनलँडमध्ये ती बाहेर गेली आणि परत यायला अडली तर अर्जच कोलमडू शकतो. तुमच्यासाठी आउटलँड. ज्यांचं स्टेटस संपलंय त्यांचं गणित वेगळं असतं. त्यांच्यासाठी 2005 पासूनचं एक सार्वजनिक धोरण इनलँडमध्येच आहे. तुम्हाला ते लागणार नाही, आणि लागू नये म्हणूनच मार्चकडे लक्ष ठेवा.

‘मग लग्नच का करत नाही?’ हा प्रश्न तुम्हाला सगळे विचारतात, मी नाही विचारणार. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. लग्न केलंत तर बारा महिने सिद्ध करायची गरज उरत नाही. नातं खरं आहे हे मात्र तेव्हाही दाखवावं लागतं. आणि सांगलीत भटजी, इथे तुम्ही आणि मधे व्हिडिओ कॉल असं लग्न लावलंत तर 11 जून 2015 पासून ते इमिग्रेशनला चालत नाही. दोघंही मांडवात हजर हवीत. ज्यांना लग्न करताच येत नाही अशांसाठी कॉमन-लॉ हा खरा आधार आहे. घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वर्षानुवर्षं अडकलेला असेल, पण पहिल्या जोडीदारापासून खरोखर वेगळे होऊन नव्याबरोबर वर्ष झालं असेल, तर ती वाट मोकळी आहे. समलिंगी जोडप्यांना भारतात लग्नाचा हक्क नाही, ऑक्टोबर 2023 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरही नाही. त्यांच्या फाइल्स मी याच मार्गाने करते.

हे वाचून पुण्या-मुंबईत एकत्र राहणारी जोडपी मला लिहितील, म्हणून त्यांच्यासाठी एवढं. तुमच्यातला एकजण एक्स्प्रेस एंट्रीत असेल आणि बारा महिने झाले असतील, तर जोडीदाराला आत्ताच जाहीर करा, बरोबर येणार असो वा नसो. ‘आधी मी जातो, मग तुला बोलावतो’ म्हणत सिंगल लिहिलंत की तेच 117(9)(डी). आणि आपल्याकडचं लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं असतं! कॅनडाला बारा हवेत. एका कराराने भागत नाही. नूतनीकरणाचा करार किंवा पुढच्या फ्लॅटचा करार जोडून सलगपणा दाखवावा लागतो. दुसरी भानगड ब्रोकरची. ‘फॅमिली का बॅचलर?’ या प्रश्नाला वाकडच्या किंवा ठाण्याच्या प्रत्येक जोडप्याने कधीतरी ‘फॅमिली’ म्हटलेलं असतं, आणि मग रजिस्टर्ड करारात किंवा पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीत ती ‘पत्नी’ होऊन बसते. इकडे फॉर्मवर ‘कधीही विवाहित नाही’. कागद लपवू नका, तोच तुमचा एकत्र राहण्याचा सर्वांत पक्का पुरावा आहे. सोसायटीत घर मिळावं म्हणून तसं सांगितलं, लग्न झालेलं नाही, असं दोघांनी शपथेवर लिहा. ऑफिसरला हे पहिल्यांदाच कळतंय असंही नाही.

राहता राहिले सांगलीचे आई-वडील. आयएमएम 5532 मध्ये घरच्यांना माहीत आहे का, कोण कोणाला भेटलंय, असं विचारतात. समाज काय म्हणून बघतो हा मुद्दा तिथून येतो. अर्ज केल्याने सांगलीला पत्र जात नाही, ती भीती सोडा. पण खोटंही लिहू नका. ‘माझ्या आई-वडलांना सांगितलेलं नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणं त्यांना मान्य होणार नाही. माझ्या चुलत भावाला आणि तिच्या बहिणीला पहिल्यापासून माहीत आहे’ एवढं लिहा आणि त्या दोघांची पत्रं जोडा. तिची बहीण दिवाळीत तुमच्याकडे आठवडाभर राहून गेली ना? तिने पत्रात बेसमेंटचा जिना, गाद्या कशा घातल्या, सकाळी चहा कोण करायचं, असलं काहीतरी लिहावं. ‘ते एकमेकांवर खूप प्रेम करतात’ हे वाक्य मी प्रत्येक पत्रातून खोडते.

वेळेचं गणित असं. ओपन वर्क परमिटच्या अर्जाला एओआर, म्हणजे पोच, लागते. फाइल अपुरी असली की पोच येतच नाही, सगळी परत येते. तिचं सध्याचं परमिट संपण्याआधी नवा अर्ज गेला, तर निर्णय येईपर्यंत ती जुन्या अटींवर काम करत राहू शकते. एक दिवस उशीर झाला तर नाही. तेव्हा टॅक्सची दुरुस्ती या आठवड्यात, मालकाचं पत्र आणि शपथपत्र पुढच्या पंधरा दिवसांत, आणि अर्ज डिसेंबरच्या आत पोर्टलवर. कुणा कन्सल्टंटला पैसे देऊन करून घेणार असाल तर त्या माणसाचं नाव कन्सल्टंट्सच्या कॉलेजच्या, म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, सार्वजनिक रजिस्टरवर आहे का ते आधी बघा. आणि वहीतला तो तक्ता भरून झाला की मला त्याचा फोटो पाठवा, ऑक्टोबर 2023 ते फेब्रुवारी 2024 या ओळी नीट वाचता येतील असा.